छातीचा फोटो

आमच्याकडे एक्स-रेलाही फोटोच म्हणतात.
डॉक्टरांनी सांगितलंय, छातीचा फोटो काढून आणा.
तो काढणारी मी.
अकरा वर्षं, मस्कतमध्ये,
व्हिसाच्या तपासणीच्या खोलीत
दिवसाला दीडशे छात्या.
हनुवटी वर. खांदे पुढे. श्वास घ्या. रोखा.
एवढं मला सहा भाषांत येतं.
त्यातल्या तीन भाषांत
पाणीसुद्धा मागता येत नाही.

तर, कॅमेरा घ्यायचाय.

पहिल्यांदाच रजेत घरी जायचं नाही.
कागलला जाणं हा प्रवास नव्हेच, ती पोचवणी:
तीस किलो. दुधाची पावडर, खजूर, टायगर बाम,
वहिनीचं अत्तर,
आणि उरलेल्या जागेत माझे दोन ड्रेस.
या खेपेला झांझिबार. सहा दिवस. एकटी.
आईला सांगितलंय, ऑफिसचं काम आहे.
भाऊ म्हणाला, फोनमध्ये काय कमी आहे?
कमी काहीच नाही रे.
पगाराचा मेसेज येतो,
पाठोपाठ तुझाही येतो.

रुवीत, बँकेच्या मागच्या गल्लीत
दादकरीम बलुचीचं दुकान.
एक कॅमेरा इतका हलका की विश्वास बसेना.
दुसरा जड, गळ्यात घातला तर वाटलं
ड्युटीवरचा शिशाचा ॲप्रनच.
तो म्हणाला, मॅडम, फोटो किस चीज का?
पक्षी? समुंदर? शादी?
लेन्स त्यावरून ठरते म्हणे.
मी विचार करायला लागले
आणि ओशाळले.
काय बघायचं हे ठरवून कुणी बघायला जातं?
म्हटलं, बाहेरचं.
"बाहर का?"
हो. जे वरून दिसतं ते.
त्यानं मान हलवली, जणू रोजच कुणीतरी हेच मागतं,
आणि लांब नळीचा उचलून आत ठेवला.

मग तिसरा काढला, वापरलेला.
एकशे दहा रियाल.
अठरा हजार वेळा पापणी मिटलीय याची,
पण अजून दोन लाख मिटेल.
अठरा हजार.
माझे पाच महिनेही नाहीत.

एवढ्यात चहा आला.
आणणारा पोरगा थबकला,
चाटगावचा, शफीकुल,
म्हणाला, आपा, मैं आपको पहचानता.
आणि माझ्याच आवाजात, माझ्याच चुकीच्या उच्चारात
मला म्हणून दाखवलं:
निश्शास बंधो.

मी नीट पाहिलं. काही आठवेना.
आठवणार कसं?
छातीच्या फोटोला माणूस
भिंतीकडे तोंड करून उभा राहतो.
माझ्या ओळखीच्या आहेत त्या पाठी.
कुणाची कुबड, कुणाची घामोळी,
एकाच्या पाठीवर बाळाचं नाव गोंदलेलं.
विचारलं, डावी सातवी बरगडी,
मोडून जुळलेली, तो तूच का रे?
नाही आपा, मैं तो फिट था.
म्हणजे तो दुसरा कुणीतरी.

म्हटलं, उभा राहा तिथे. इकडे बघ, माझ्याकडे.
ट्रे बगलेत धरून तो उभा राहिला,
हनुवटी वर,
खांदे पुढे,
आणि श्वास रोखला.
मी सांगितलं नव्हतं.
हिरवी चौकट त्याच्या चेहऱ्यावर भिरभिरत होती,
कपाळ, नाक, मागचं कॅलेंडर, परत नाक,
आणि मी बघत बसले.
डाव्या भुवईत एक व्रण.
मिशी नुकतीच राखायला घेतलेली.
सोडा म्हणायचं
ते राहूनच गेलं.

शेवटी तोच हसला, फुस्सकन,
नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.
फोटो हलला.
आमच्याकडे असा आला की पुन्हा काढतात.
दादकरीम म्हणाला, मिटवू का?
राहू दे.

एकशे दहाचे शंभर केले.
जादा बॅटरी घेतली.
लाल पट्टा फुकट देत होता, त्यावर कंपनीचं नाव हे एवढं;
म्हटलं, साधा काळा दे.
चहा गार झाला होता,
पण प्यायले.