दादगोंडाला विचारून येतो

विट्याच्या स्टँडवर एक पोरगा फोनवर म्हणत होता,
"व्हय व्हय, दादगोंडाला विचारून येतो,"
आणि फोन खिशात टाकून त्यानं मित्राला डोळा मारला.
म्हणजे येणार नव्हता.
सांगलीपासून दीड तास लांब
माझ्या वडिलांचं नाव
त्याच्या गालात, गुटख्याच्या शेजारी.

उधारी मागायला आलेल्याला,
स्थळ पसंत नसलं की मध्यस्थाला,
मंडळाच्या वर्गणीला, मत मागणाऱ्याला
आमच्या भागात तोंडावर "नाही" म्हणवत नाही.
मग दादगोंडा पुढं करायचा.

कोण हा, त्याच्या गोष्टी पोत्यानं.
तासगावात म्हणतात, सावकाराचा बहिरा कारकून होता.
मिरजेत सतारीला तारा लावणारे एक काका
शपथेवर सांगतात, पत्त्यांचा अड्डा चालवायचा,
गेलेला गडी सकाळशिवाय सुटायचा नाही.
जतकडं तर तो केव्हाच मेलाय.
"विचारायला गेलेला परत कसा येईल, बाई?"

मार्केट यार्डात पस्तीस वर्षं अण्णा तोलाईदार होते.
रुमालाखाली बोटं दाबून हळदीचे भाव ठरायचे.
भाव ठरता ठरता एखाद्याच्या पोटात कालवलं
की तो हात सोडवून उठायचा,
"जरा दादगोंडाला विचारून येतो,"
मुठीत एक हळकुंड घेऊन.
अण्णा ते बघायचे नाहीत.
रंग काय, कुणीबी चढवतंय.
कानापाशी धरून मोडायचे.
वाळलेलं असलं तर कट्‌कन, बांगडी फुटल्यागत.
नसलं तर नुसतं चिवट वाकायचं.
"घे."
किंवा "ओल हाय."
दोनच वाक्यं. चहासुद्धा घ्यायचे नाहीत कुणाचा.

"ओल हाय" ऐकलेला मागच्या गेटनं सायकल काढायचा.
इकडं अडत्या पोत्यावर ताटकळत,
पसरलेला रुमाल गार.
"गेलं की रं गिऱ्हाईक दादगोंडाला विचारायला!"
पहिल्यांदा ती शिवी होती.
हसणं तिच्यात नंतर आलं,
आणि गावोगाव जाताना हळद गळून गेली.

एका दिवाळीत अण्णांच्या सायकलची दोन्ही चाकं कुणी तरी फाडली.
आई म्हणाली, म्हणत जावा की "घे".
तुमचं काय जातंय?
अण्णा जेवत राहिले.
त्यांच्या भाकरीवर नेहमी बोटांचे पिवळे ठसे असायचे,
त्या रात्री मी ते मोजले. अकरा.

मिरजेला मोठ्या दवाखान्यात
डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला,
पेनानं एक जागा दाखवली. उद्याच दाखल व्हा.
अण्णांनी फोटोकडं बघितलंच नाही.
मांडीवरची टोपी झटकली, घातली,
"दादगोंडाला विचारून येतो."
डॉक्टर वर्ध्याकडचे. म्हणाले,
"जरूर विचारा काका, पण उशीर करू नका."
जिन्यात अण्णांना एवढं हसू आलं
की कठडा धरून पायरीवरच बसले.
मीही बसले.
वर जाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

त्या जिन्यानं आम्ही पुन्हा चढलो नाही.

परवा कोल्हापूरहून एक मुलगी आली, म्हणी गोळा करणारी.
तिच्या वहीत बारीक अक्षरात:
दादगोंडा. बहुधा काल्पनिक. उगम अज्ञात.
"तुम्हाला काही ठाऊक आहे, मॅडम?"
"थांब, विचारून येते," म्हटलं
आणि आत गेले.

फळीवरचा डबा सापडायला वेळ लागला.
बाहेर वही मिटल्याचा आवाज आला,
मग पिशवीची चेन.
शहाणी होती पोरगी, तिला अर्थ पाठ होता.

मी परत आले तेव्हा ती चप्पल घालत होती.
हळकुंड तिच्या कानापाशी धरलं
दोन्ही हातांनी.