जाळं

भरमा कंग्राळकर, सहा फूट पाच,
सध्या स्लोव्हाकियातल्या तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये.
दिवसा एका गोदामात टायर मोजतो,
संध्याकाळी साडेसातला अंगात चौदा नंबर चढवतो.
आडनाव पाठीवर मावेना,
क्लबानं अर्धंच छापलं :
कंग्रा.

तेव्हा इथे रात्रीचे बारा.
उद्यमबागेत सेकंड शिफ्ट सुटते,
भुवयांतली मोल्डिंगची वाळू झटकत
मी गेटाजवळच्या कट्ट्यावर मोबाईल उभा करतो.
बघणारे एकतीस.
त्यातले नऊ आमच्या गल्लीतले,
आणि हुक्केरीहून त्याची बहीण,
सासू जागी होऊ नये म्हणून आवाज बंद करून.
कॅमेरा कुणा पोराच्या हातात.
चेंडू डावीकडे जातो
आणि आम्ही दहा जण
उजवीकडची भिंत बघत बसतो.

त्याचा फटका अजून जरा उजवीकडे झुकतो.
तिथला कोच डोकं खाजवतो म्हणे.
त्याला कोण सांगणार,
कॅम्पातली रिंग आम्हीच वळवलेली,
वीस एमएमच्या भंगार सळीची,
एका अंगानं उतरती.

बसगौडा मास्तर शिट्टी फुंकायचे :
‘गेरे मेले कालु!’
रेषेवर पाय म्हणजे बाहेर.
आम्ही मराठीत भांडायचो, कन्नडमध्ये भांडायचो,
अगदीच चिडलो तर इंग्रजीत.
बाहेर ते बाहेरच.
सर, घरंच रेषेवर आहेत आमची,
असं एकदा भरमा म्हणाला होता.
मास्तरांनी त्याला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या
आणि नंतर स्वतःच्या पैशानं सोडा पाजला.

रविवारी त्याचा आवाज आला फोनवर :
‘बरं हाय रे. बर्फात चालायला शिकूलोय.
जिंकलो की पिझ्झाची कुपनं देतात,
हरलो की काय न्हाई.
पण हिकडं जाळी नायलॉनची.
चेंडू जातोय, पण गेल्यासारखा वाटत न्हाई बघ.
वडगावचं एक पाठवतोस काय?’

वडगावात सोमव्वाचा एकच माग चालू आहे.
दोन विकले, तिसऱ्यावर कोंबड्या बसतात.
काठाचं उरलेलं पिवळं सूत तिनं पिळून दुहेरी केलं,
पुन्हा पिळलं,
बारा फासे मोजून वर, गाठी खालपर्यंत.
पैसे घेईना.
‘हे काय कोण नेसणार हाय?’

पोस्टात काउंटरवरच्यानं पाकीट उघडायला लावलं.
जाळ्यात हात घातला, खालून बोटं बाहेर काढून पाहिली.
‘मासे धरायचं?’
‘न्हाई,’ मी म्हटलं, ‘सोडायचं.’
तो हसला नाही.
काट्यावर ठेवलं.
एकशे ऐंशी ग्रॅम.
देशाचं नाव त्याने दोनदा विचारलं,
आणि दोन्ही वेळा चुकीचं लिहिलं.