दुसऱ्या पत्राला उत्तर

दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात आली,
एक तेजपूरहून, एक कोइमतूरहून.
शिष्यवृत्ती शेवटच्या शून्यापर्यंत सारखी,
पाच वर्षं, घरभाडं वेगळं,
आणि खाली तीच ओळ:
दहा दिवसांत कळवावे.

चोपड्यात यावल रस्त्याला पप्पांचं दुकान,
सुपडू मोटार रिवायंडिंग.
दारात उताण्या पडलेल्या पाणबुडी मोटारी,
आत जळक्या तांब्याचा वास.
पाणी खाली गेलं की आमचा धंदा वर येतो,
हे मी कुठल्याच अर्जात लिहिलं नाही.

पप्पांनी दोन्ही कागद चष्म्याजवळ धरले,
मग कानाजवळ.
खरंच, कानाजवळ.
मोटार बरी की वाईट, ते असंच ठरवत आलेत.
"दोन्ही सारखाच शेतस," म्हणाले,
"काहीच आवाज करतस नही."

मी वहीत मधोमध रेघ मारली.
इकडे नदीचा गाळ, तिकडे कठीण खडक,
इकडच्या बाई कडक, तिकडचे सर कायम दौऱ्यावर,
भुसावळहून लागणारे तास: दोन्हीकडे 'खूप'.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच पानावर
दुधाचा हिशोब मांडला
आणि कोइमतूर बावन्न रुपयांनी पुढे गेलं.

बाविस्कर सर म्हणाले, नाव मोठं बघ.
मावशी म्हणाली, परत येशील तेव्हा अठ्ठावीसची असशील,
आणि वाक्य तिथेच सोडून पापड उलटायला गेली.
आई कळण्याची भाकरी थापत होती.
वर न बघता म्हणाली,
"हर्षाली, कोठलं पानी गोड शे, ते इचार."

दोन वर्षं मी एक्केचाळीस विहिरींत टेप सोडला.
अडावदच्या एका विहिरीत तो सत्याण्णव फुटांवर भिजला.
मालक म्हणाला, आमचा आजा वाकून बादली भरायचा.
दुःख नव्हतं त्याच्या आवाजात.
"मंग पुढे काय?" एवढंच विचारलं,
जसं उत्तर माझ्या पिशवीतच आहे
आणि मी मुद्दाम काढत नाहीये.

मी दोन्हीकडच्या मुलांना लिहिलं:
तुमच्याकडे पाणी कसं आहे?
कोइमतूर म्हणालं, फार गोड, येऊन तर बघा.
तेजपूर म्हणालं, लोह आहे,
भात पिवळा होतो, चहा काळा,
बादलीला तांबडी कड धरते.
सवय होते.

त्या रात्री मी तेजपूरला हो म्हटलं.
एक बटण. एक सेकंद.

नकाराला मात्र दोन रात्री लागल्या.
'कळवण्यास खेद वाटतो' लिहिलं, खोडलं.
खेद कसला, मला तर सुटल्यासारखं वाटत होतं.
मग आठवलं,
शिरपूरच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून
मी दोन जागा धरायचे,
एक माझी, एक मैत्रिणीची, जी कधीकधी यायचीच नाही,
आणि कडेवर पोर घेतलेली बाई
रुमालाकडे बघत दांड्याला धरून उभी राहायची.
यादीत माझ्याखाली कुणीतरी होतं.
नऊ दिवस फोन उशाशी घेऊन झोपलेलं.
त्याच्याही बापाचं कुठेतरी एखादं दुकान असेल,
तो कागद कुठे धरत असेल, कोण जाणे.
मी तीन ओळी लिहिल्या. रुमाल उचलला.

आईला सांगितलं.
"पानी कसं शे?"
"खराब."
तिचा हात थांबला. हसली की रागावली, कळलं नाही.
खुंटीवरचं गाळायचं फडकं काढलं, झटकलं,
उजेडाकडे धरून भोकं पाहिली
आणि परत खुंटीला अडकवलं.
"हाई जूनं व्हयी गयं," म्हणाली. "नवं लेवू."

सकाळी कोइमतूरहून एका ओळीचं उत्तर आलं:
आपली जागा दिली गेली आहे.
कुणाला, ते लिहिलं नव्हतं.