हिराकस

पावणेचारशे वर्षांचा कागद
आज माझ्या टेबलावर पालथा झोपलाय.
पाठीवर कुणीतरी मेणबत्त्यांचा हिशेब मांडलेला:
सतरा आणि नऊ, पंचवीस.
कोपऱ्यात एक कान. नुसता कान. कुणाचा, ठाऊक नाही.

काळ्या घोड्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
यंत्र रात्रभर कण्हत हवेतला ओलावा पितं
आणि सकाळी बादलीभर पाणी ओकतं,
समुद्राचा रोजचा हप्ता.
पास्कोल तो खाली कुंड्यांना घालतो.

कागद उलटते.
गुडघ्यांवर म्हातारा संत,
दाढी तीन फटकाऱ्यांत, पाठ एकाच ओघळात,
हातात कवटी.
चित्रकाराचं नाव नाही. ज्या शेटजींनी आणला
त्यांच्या यादीत नोंद आहे:
साधू, खोपडीसहित, एक नग.

शाई माजूफळाची, हिराकस घातलेली.
उमटताना फिकी, मग काळी, मग तपकिरी,
आणि मग कुणी बघत नसताना
ती जेवायला बसते.
जिथे जिथे हात दाबून चालला
तिथे तिथे आता भोक.
संताचे डोळे गेले. गुहेतला काळोख गेला,
त्यातून माझ्या टेबलाचा सनमायका दिसतो.

कवटी तेवढी शाबूत.
कारण ती काढलीच नव्हती.
भोवती अंधार घालून
त्यानं तिथे नुसता कागद सोडला होता.

मी खळ कालवते.
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ जपानी कागद
मागून लावत जाते, भोकामागून भोक.
गेलेली रेघ आम्ही परत काढत नाही.
उरलेलं आणखी फाटू नये, इतकंच.

पास्कोल वाकून बघतो. माझगावचा, माथारपाखाडीचा.
"बाई, यानं खोटं काढलंय."
"काय?"
"मनगट बघा ना. पाटा उचलल्यागत वाकलंय.
एवढं वजन नसतं."

फेब्रुवारीत तो दोन दिवस रजेवर होता.
शिवडीला जमीन अपुरी; मुदत संपली
की थडगं उघडतात, पुढच्याला जागा हवी.
इझाबेलची हाडं त्यानं स्वतः पुसली,
भिंतीतल्या कोनाड्यात लावली.
रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं:
घर बदलायचं आहे.

"मग किती असतं?" विचारते,
आणि विचारल्यावर जीभ चावते.
तो तळहात उघडतो, जरासा वरखाली करतो,
बाजारात भाजी जोखावी तसा.
"नारळातलं पाणी काढून घेतल्यावर उरतो ना, तेवढं.
ताप चढायचा तेव्हा उशीवरनं डोकं उचलायचो,
तेव्हा जड होती."

मी पुन्हा मनगटाकडे बघते.
कदाचित चित्रकारानंही
आधी कुणाचं तरी जिवंत डोकं उचललं असेल.
किंवा नसेल. मॉडेल बसून बसून थकला असेल,
हात आपसूक खाली आला असेल.
मला प्रार्थना येत नाही. पण दिवसभर
मानही अशीच वाकलेली असते, याच कोनात.

बादली भरलीय. पास्कोल ती घेऊन जिना उतरतो,
प्रत्येक पायरीला थोडं पाणी सांडत.

खळ वाळेपर्यंत कागद पुन्हा पालथा.
सतरा आणि नऊ.
दोनदा मोजते. पंचवीस नाही होत.
एक मेणबत्ती कुठेतरी
हिशेबाबाहेर जळली.