प्रतवारी

भूपेशनं बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून आणल्या,
पुणे ते शहादा, रात्रभर, मांडीवर.
तरी दिवस बुडेपर्यंत फ्रिजही थकला.
मे महिना. वीज गेलेली. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं
तर फरशीनं नुसता सुस्कारा टाकला.

"मावशी, बिअर आहे. गव्हाची, मध घातलेली. माझ्या हातची पहिली खेप.
कौतुक नको. दहापैकी गुण दे."
सोबत छापील कागद :
रंग, फेस, वास, चव, मागे राहणारी चव.
(आईला त्यानं सांगितलंय, कंपनी सरबतं बनवते.)

माणूस बरोबर निवडलं पोरानं.
एकोणीस वर्षं मी बाजार समितीत
गव्हाला नावं ठेवायचा पगार घेते.
परखी पोत्याच्या पोटात खुपसायची,
निघेल ते तळहातावर पसरायचं,
दोन दाणे दाढेखाली.
कट्ट वाजला तर वाळलेला.
दबला, तर ट्रॉली बाजूला घ्या.
यंत्र नंतर तेच सांगतं, एका दशांशासह.

तर, रंग.
मी लिहिलं, गढूळ.
तो म्हणाला, गव्हाची अशीच असते.
मग खोडून लिहिलं, पपईच्या सालीलगतचा पिवळा.
फेस : ताक घुसळून झाल्यावर
रवीला चिकटून राहतो, तेवढा.
वास घेतला आणि मला हसूच फुटलं.
केळी!
केळ्याचं नाव नाही त्यात, तो शपथेवर सांगू लागला,
ते यीस्ट करतं, आपोआप.
म्हणजे एवढं शिकून, एवढं लांब जाऊन
शेवटी खानदेशात केळीच आणलीस.

खालून विमलबाईंचा आवाज :
"काय पी राहिन्यात वं वर?"
"सरबत!" दोघं एकदम.

चव.
गहू लगेच सापडला. लपलाच नव्हता.
सकाळी शेडचं शटर वर गेलं की
चाळणीखालच्या कोंड्याचा जो पहिला श्वास येतो, तो.
भिजल्यावरही ओळख देणारा.
मध मात्र सापडेना.
गोडी होती, जिभेच्या टोकाशी,
नाव विचारलं की खाली बघणारी.

तेवढ्यात जामसिंग पावरा आला, शनिवारचा, डबा घेऊन.
धडगावच्या वरून कुठून तरी येतो,
कुठून ते मधमाश्यांनासुद्धा सांगत नसेल.
ग्लास पुढं केला तर हात जोडले :
"मी भगत. पीत नाही. वासाला मनाई नाही."
नाक खाली नेलं. डोळे मिटले.
बराच वेळ.
"मोहाचा नाही. करंजाचा नाही. जांभळाचा नाही.
हा मध शहाणा आहे मॅडम,
आपलं झाड सांगत नाही."
भूपेश हळूच म्हणाला, कॅनमधून येतो. पंचवीस लिटरच्या.
जामसिंगनं मान हलवली,
जसं एखाद्याच्या घरचं दुःख कळल्यावर हलवतात.

मागे राहणारी चव : किंचित कडू,
लवंग चघळून तासभर झाल्यावरची.
ही मला आवडली. लिहिलं नाही, नुसती खूण केली.

आता आकडा.
पोराचा चेहरा तसाच झालेला
जसा ट्रॉलीच्या कडेला बसलेल्यांचा होतो
मी दाणा दाढेखाली धरल्यावर.
तिथं मी कुणाकडेच बघत नाही.
ते एक शिकलेय, बाकी सगळं दाण्यांनी शिकवलं.
इथं बघितलं.
बहिणीचं नाक आहे त्याला.
साडेसहा लिहिलं. पेन उचललं नाही लगेच.
सात करता आले असते, शेपूट ओढून.
केले नाहीत.

"साडेसहा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं,
"अर्धा कशाचा?"
"तू कॅनचं खरं सांगितलंस त्याचा."

जामसिंगकडून त्यानं अर्धा किलो घेतला, पुढच्या खेपेसाठी.
जामसिंगनं एक रुपया कमी केला नाही,
झाकण मात्र तीनदा घट्ट केलं.

वीज आली. तोवर दुसरी बाटली
कुणाच्याच हाताला गार लागत नव्हती.
तिचा ग्लास मी कागद उलटा ठेवून प्यायले.