फक्की

हे मैदान आधी विमानांचं होतं.
कुणाच्यातरी लढाईसाठी कुणीतरी आमचे माड तोडले,
पोवळ्याचा चुरा अंथरला, रोलर फिरवला,
आणि लढाई दुसरीकडेच संपली.
रोलर तेवढा मागे राहिला.
अजून आहे, उत्तरेच्या गोलमागे,
कोंबड्या त्याच्या सावलीत अंडी घालतात.

मग पाद्रीबाबा म्हणाले, पोरांना खेळू द्या,
फक्त रविवारी नको.
पोवळ्यावर पडलं की गुडघा सोलून निघे.
माझ्या वयाच्या कुणाचीही लुंगी वर करून बघा,
बेटाचा नकाशा दिसेल.

माती जहाजातून आली,
मोठ्या बेटाने दिलेली, पोत्यांत भरून.
मातीबरोबर गवत आलं, गांडुळं आली
आणि एक बेडूक.
बेडूक आम्ही पाहिलाच नव्हता.
लोतोआलाने त्याला शर्टात घालून
दारोदार फिरवला, संध्याकाळपर्यंत.

फक्की मारायचं काम मला मिळालं
कारण ताडी प्यायलो तरी
माझे पाय सरळ पडत.
शिंपले भाजून चुना करायचा, डब्याला भोकं पाडायची
आणि चालायचं.
फुटबॉलची रेघ, तिच्यावर रग्बीची,
कोपऱ्यात व्हॉलीबॉल, बायकांच्या धावण्याचे सहा पट्टे.
लग्न असलं की मांडवाच्या खुणा,
मतमोजणी असली की टेबलांच्या.
जुनी रेघ पुरती पुसत कधीच नाही.
सेलुकाची वरात ऑफसाइड होती
असं तिचा नवरा अजून म्हणतो.

आमचा संघ एकदा बाहेर गेला, बोटीने, चार दिवस.
सतरा गोल खाऊन आला.
धक्क्यावर सगळं बेट नाचायला हजर.
सतरावा गोल गोल नव्हताच,
असं पेनिएली गोलकीपर मरेपर्यंत सांगत राहिला.
त्याची पेटी मध्यरेषेवर ठेवली होती.
दोन्ही बाजूंनी माणसं आली, म्हणून मध्यरेषेवर.

पाऊस सात महिने आला नाही त्या वर्षी
विहिरी खारट झाल्या,
आणि स्टँडच्या पत्र्यावरून टाकीत साठलेलं पाणी
तेवढं गोड राहिलं.
किल्ली सेलुकाकडे. माणशी दोन डोलची.
मैदानात आम्ही कुणालाच कधी पाणी पाजलं नव्हतं,
त्या वर्षी मैदानाने सगळ्या बेटाला पाजलं.

आता पाणी किनाऱ्यावरून येत नाही.
भरतीला ते खालून येतं.
पेनल्टीच्या ठिपक्यातून आधी बुडबुडे,
मग घोट्याएवढा समुद्र, शांत,
स्टँडचं प्रतिबिंब धरून.
गवत चकत्या-चकत्यांनी जळतं.
इंजिनिअर येतात, काठ्या रोवतात, फोटो काढतात,
मैदान दीड मीटर उचलू म्हणतात.
मी विचारलं, आणि घरं?
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पोरं थांबत नाहीत. पाण्यातच खेळतात,
चेंडू अर्धा पोहतो, अर्धा पळतो.
काल वाइमोआनाच्या पायातून तो निसटला.
आउट, म्हणाले हे.
आत, म्हणाले ते.
रेघ कुणालाच दिसत नव्हती
आणि भांडण मात्र इंचाइंचावर.

शेवटी मला बोलावलं.
मी चपला काढल्या, पाण्यात उतरलो,
आणि डोळे मिटून
पायाच्या अंगठ्याने चाचपडू लागलो.