कातरण

वारसाच्या अर्जात एक रकाना होता :
मयताच्या वडिलांचं नाव.
रिकामा चालत नाही, म्हणाला क्लार्क,
आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

म्हणून मी माझगावला,
शाळा सुटायच्या वेळी,
निळ्या फ्रॉकांचा लोंढा उलटा कापत
मागच्या इमारतीत, जिथे पूर्वी पोरक्या मुली निजत
आणि आता कॉम्प्युटर लॅब आहे.

सिस्टर ब्लांदीना वसईच्या. ब्याऐंशीच्या.
खुर्चीत अशा टेकलेल्या,
जसं अजून कुणी बसा म्हटलेलं नाही.
"कोण पाहिजे?"
"आई," म्हणाले, आणि माझं मलाच वेड्यासारखं वाटलं.
त्यांना नाही वाटलं.
"कुठल्या वर्षातली?"

कापडी पाठीचं रजिस्टर. वाळवीने समास खाल्लेला,
मजकूर सोडलेला.
सगळं इंग्रजीत, शेरे तेवढे मराठीत.
क्रमांक एकशे बारा. वय अंदाजे चार.
भायखळ्याच्या बाजारात, कोबीच्या गोण्यांमागे.
सोबत : पितळी वाटी एक, परकर एक.
नाव विचारता 'बाय' म्हणते.

त्याखाली, दुसऱ्या शाईत : क्रिसेन्सिया.
"कॅलेंडरात त्या दिवशी जी संत होती, ती दिली.
घाईत असायचो हो."

आमच्या चाळीत ती कृष्णाबाई.
बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे;
क्रिसेन्सियातलं जिभेला पेललं तेवढं त्यांनी ठेवलं.
दोन्ही नावं दुसऱ्यांनी बेतलेली.
अंगाला येतात का, तिने पाहिलं नाही. वापरली.

"मारायचात का?"
"हो. पट्टीने. मीसुद्धा.
हेमिंगचा टाका चुकला की.
त्यांचे टेबलक्लॉथ फोर्टात विकले जायचे.
त्यावर ही शाळा उभी राहिली.
बाहेरच्या मुलींची," एवढं म्हणून
त्यांनी पान उलटायला बोट ओलं केलं.

शेवटचा रकाना : कुठे गेली.
त्यात फक्त, गेली.
"अक्षर माझंच. मदर म्हणाल्या, एक शब्द पुरे.
दुसरी वेलांटी काढताना हात थांबला होता.
दिसतंय का?"
दिसत होता. शाईचा एक ठिपका,
तिळाएवढा.

मग एकदम :
"कडा खायची का ती?"
मला कळेना.
"इथे ओस्त्या भाजायचो आम्ही, कितीतरी चर्चसाठी.
लोखंडी साच्यात पातळ पीठ, मग गोल कापायचे.
गोल देवाचे. मधली कातरण मुलींची.
तुमची आई दाराशी ओंजळ करून उभी.
मिस्साच्या आधीचं, नुसतं पीठपाणी.
पाप नव्हतं. मी फादरना विचारून घेतलं होतं."

दिवाळीत करंज्या कातून उरलेलं पीठ
आई पुन्हा मळत नसे.
तसंच तळायची, ओट्याशी उभ्याने खायची,
डोळे मिटून, तुकडा टाळ्याला लावून,
विरघळायची वाट बघत.
आम्ही हसायचो. तळलेलं कुठे विरघळतं?
भरलेलं तुमचं, म्हणायची. कातरण माझी.

मी थोडी भांडायला आले होते.
ते राहून गेलं, पूर्ण नाही.

लेटरहेडवर त्यांनी सावकाश लिहिलं,
वडिलांचं नाव : माहीत नाही.
'ही' दीर्घ आहे ना, पुन्हा पाहिलं. शिक्का मारला.
"क्लार्क घेणार नाही," मी म्हणाले.
"मग परत या. चौघी उरलोय, पण मी आहे अजून."

कपाटात दुसरं रजिस्टर होतं, सिस्टरांचं.
त्यांचंच पान उघडलं गेलं चुकून :
सोबत : ट्रंक एक, लुगडी दोन.
आधीचं नाव खोडलेलं, पट्टी लावून, सरळ.
काय होतं, विचारलं.
त्यांना ऐकू येईनासं झालं.

जिन्यात अर्ध्यावर होते,
तेव्हा वरून आवाज आला,
"बाय, खालची पायरी तुटकी आहे."